दळण, धुणी आणि दिव्यशक्ती

कथेतल्या जादूचे ढोबळमानाने दोन उपयोग असतात. एक मोठ्या कामांचा: राक्षस मारणे, राज्य राखणे, जग वाचवणे. दुसरा रोजच्या कामांचा: पाणी भरणे, पोट भरणे, निरोप पोचवणे, कचेरीतल्या साहेबाची खोड मोडणे. चर्चा बहुधा पहिल्याची होते, पण लेखकाचा कस दुसऱ्यात लागतो. लढाईत शक्ती किती आहे एवढे कळले तरी भागते. घरकामात मात्र ती कोणाच्या हाती आहे, कुठे अडते, तिचे मोल काय आणि तिच्यामुळे नेमके कोणाचे कष्ट वाचतात, याचा हिशेब द्यावा लागतो.

मराठी परंपरेत या घरगुती चमत्काराची मुळे खोल आहेत. 18व्या शतकात महीपतीने ज्या संतकथा ओवीबद्ध केल्या, त्यांतला देव पुष्कळदा गड्यासारखा राबतो. जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावतो. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहतो. मुक्ताबाईच्या मांड्यांची कथा तर फार बारकाईने रचलेली आहे. विसोबा चाटी कुंभाराला दटावतो, त्यामुळे तिला भाजायला खापर मिळत नाही. तेव्हा ज्ञानदेव जठराग्नी चेतवून पाठ तापवतात आणि मुक्ताबाई त्या पाठीवर मांडे भाजते. चमत्कार स्वयंपाकापुरता आहे, पण त्याचे कारण सामाजिक बहिष्कार हे आहे. गावाने भांडे नाकारले म्हणून योगसामर्थ्य तव्याच्या कामी आले. शक्ती आणि गरज यांची इतकी चपखल सांगड आधुनिक अद्भुतकथेतही क्वचित दिसते.

श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत हेच सूत्र उलट्या बाजूने येते. राजाच्या हुकमाने सारे गाव घरचे दूध देवळात आणून ओतते, तरी गाभारा भरत नाही. घरातली पोरे आणि गोठ्यातली वासरे तृप्त करून आलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधाने तो भरतो. घरच्यांच्या तोंडचे काढून केलेले पुण्य देवाला पोचत नाही, हा या कथेतल्या चमत्काराचा नियम आहे आणि सगळी कथा त्या नियमावर तोललेली आहे.

बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या गूपी-बाघाच्या कथेवरून सत्यजित राय यांनी 1969 मध्ये चित्रपट केला. भुतांचा राजा दोघांना तीन वर देतो, त्यांतला पहिला अन्नवस्त्राचा आहे. गावाबाहेर हाकललेल्या दोन उपाशी माणसांनी आधी जेवण मागावे हे स्वाभाविकच. मात्र वर फळायला दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यावी लागते. एकट्याला काही मिळत नाही. हाच भोजनाचा वर शेवटी युद्ध थांबवतो. आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि भुकेले सैनिक रांग मोडून त्यांवर तुटून पडतात. घरगुती शक्ती राजकारणात उतरते, पण जात बदलत नाही.

युरोपीय कथेत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही शक्ती सामान्य नोकरदाराच्या हाती आली. एच. जी. वेल्स यांच्या 1898 च्या चमत्कार करणाऱ्या माणसाच्या कथेत फॉदरिंगे नावाचा साधा कारकून दारूच्या गुत्त्यात वाद घालता घालता दिवा उलटा करून दाखवतो आणि स्वतःच दचकतो. किरकोळ करामतींपासून निघालेली कथा पृथ्वीचे फिरणे थांबवण्यापर्यंत जाते. मागणी वाढली, पण मागणाऱ्याची समज होती तेवढीच राहिली, यातच तिचा विनोद आणि भीतीही आहे.

वेल्स यांच्याच 1897 च्या अदृश्य माणसावरील कादंबरीत रोजच्या अडचणींचा तपशील अधिक कठोर आहे. ग्रिफिन स्वतः अदृश्य होतो, पण त्याचे कपडे होत नाहीत. त्यामुळे लंडनच्या हिवाळ्यात त्याला उघडे फिरावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते, म्हणून चारचौघांत जेवायची सोय नाही. बर्फ अंगावर साचले की आकृती उमटते, चिखलाच्या पावलांचा माग पोरेही काढतात, कुत्र्यांना वास येतो आणि गर्दीतली माणसे येऊन आदळतात. एकच अशक्य गोष्ट गृहीत धरून पुढचे सारे काटेकोर व्यवहाराने लिहिण्याची ही पद्धत या प्रकाराचा पाया ठरली.

फ्रेंच लेखक मार्सेल एमे यांची भिंतीतून आरपार जाणाऱ्या माणसाची कथा 1943 च्या संग्रहात आहे. तिचा नायक द्यूतियेल हा पॅरिसच्या मोंमार्त्र भागात राहणारा किरकोळ कारकून. शक्ती हाती आल्यावरही तो घरात शिरताना रीतसर कुलूप काढून दारानेच शिरतो. नवा साहेब येतो, पत्रातली जुनी ठराविक वाक्ये बदलायला लावतो आणि त्याला अडगळीच्या खोलीत बसवतो. तेव्हा कुठे ती शक्ती वापरात येते. भिंतीतून नुसते डोके बाहेर काढून तो साहेबाला शिव्या घालतो आणि साहेबाला वेड लागते. सवयीचा जोर शक्तीहून मोठा असतो हे एमे यांनी जसे पकडले, तसे फार थोड्यांना जमले आहे.

बालसाहित्यात इंग्रज लेखिका ई. नेस्बिट यांनी 1902 मध्ये पाच मुले आणि इच्छा पुरवणारा वाळूतला प्राणी यांची कथा लिहून मर्यादांचे शास्त्र घालून दिले. इच्छा सूर्यास्ताला विरते. मुले सुंदर व्हायला मागतात, तर घरची मोलकरीण त्यांना ओळखत नाही आणि जेवण हुकते. सोन्याची नाणी मागतात, तर दुकानदार ती घेत नाहीत. जादू चालते, पण ओळख आणि पत या गोष्टी तिच्या आवाक्याबाहेर राहतात.

अलीकडच्या काळात जादूचा पेशा झाला. एइको कादोनो यांच्या 1985 च्या कादंबरीवर हायाओ मियाझाकी यांनी 1989 मध्ये केलेल्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये 13 वर्षांच्या किकीला झाडूवर उडण्यापलीकडे काहीच येत नाही. परक्या शहरात बेकरीच्या आश्रयाने ती सामान पोचवण्याचा धंदा काढते. भर पावसात भिजत ती एका आजीने केलेला मासळीचा पदार्थ पोचवते आणि घेणारी नात तोंड वाकडे करते. पुढे तिचे उडणेच काही काळ बंद पडते. कामाचा शीण आणि हुन्नर आटण्याची भीती यांवर हा चित्रपट मोठ्यांच्या अनेक कलाकृतींपेक्षा खरे बोलतो. ‘द लेजंड ऑफ कोरा’ या 2012 च्या अमेरिकी मालिकेत वीज निर्माण करणारे तरुण वीजकेंद्रात रोजगार करतात. 2014 पासून आलेल्या ‘माय हीरो अकॅडेमिया’ या जपानी चित्रकथेत सुमारे 80 टक्के लोकांकडे शक्ती आहेत, आणि त्या सार्वजनिक ठिकाणी वापरायला परवाना लागतो. शक्ती सर्रास झाली की कायदा, परीक्षा आणि नोकरी मागोमाग येतात, हे या कथांनी गृहीत धरले आहे.

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची वाट वेगळी आहे. त्यांच्या 1967 च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’मध्ये पाद्री निकानोर चॉकलेटचा गरम पेला पिऊन जमिनीपासून अर्धी वीत वर उचलला जातो, तो चर्चच्या बांधकामाची वर्गणी जमवण्यासाठी. सुंदर रेमेदियोस चादरींसह आकाशात जाते, तेव्हा फेर्नांदाला चिंता पडते ती चादरी परत मिळण्याची. येथे नियम सांगितलेले नाहीत. बघणाऱ्यांच्या व्यवहारी प्रतिक्रियेवर सारा विश्वास उभा आहे.

जे. के. रोलिंग यांच्या 1997 ते 2007 मधील हॅरी पॉटर मालिकेने घरगुती जादू घराघरांत पोचवली. वीज्ली कुटुंबाच्या घरात भांडी आपोआप घासली जातात, घड्याळाचे काटे वेळेऐवजी घरातला माणूस कुठे आहे ते दाखवतात. शून्यातून अन्न निर्माण करता येत नाही, असाही नियम आहे. पण हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या स्वयंपाकघरात घर-एल्फ नावाचे शंभरावर जादुई नोकर बिनपगारी राबतात. मोली वीज्लीची भांडी जादूने घासली जातात, मग संस्थेचे रांधणे वेठीवर का? हॅरीची मैत्रीण हर्मायनी या वेठीला विरोध करते; मालिका तिची चळवळ बहुतेक थट्टेवारी नेते. जादूने कष्ट खरोखर संपतात की नुसते नजरेआड होतात, या मुद्द्यावर ही मालिका कच्ची राहिली.

भारतीय चित्रपटांनी सामान्य माणसाच्या हाती शक्ती देण्याचा प्रयोग अधूनमधून केला. शेखर कपूर यांच्या 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’त अनाथ मुले सांभाळताना उधारीने बेजार झालेल्या माणसाला अदृश्य होण्याचे यंत्र मिळते, पण लाल प्रकाशात तो दिसतो. केदार शिंदे यांच्या 2004 च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये बायकांच्या मनातले ऐकू येण्याची शक्ती मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात उतरते; ऐकण्याचे ओझे नायकाला झेपत नाही, त्यातून विनोद होतो. मल्याळम ‘मिन्नल मुरली’त (2021) शक्ती मिळते ती गावातल्या शिंप्याला. छापील मराठीत जयंत नारळीकर यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल करणारा वैज्ञानिक चमत्कार क्रिकेटच्या सामन्यात कामी येतो, ही निवड अस्सल मराठी मध्यमवर्गीय आहे. मात्र नारायण धारप यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकांकडे मांत्रिक सामर्थ्य मुख्यतः दुष्ट शक्तीशी झुंजण्यात खर्ची पडले. संतकथेतला राबणारा चमत्कार प्रौढांच्या आधुनिक मराठी कथेत त्या मानाने फारसा पुढे आला नाही.

या प्रकारातले दोष तीन. पहिला, जादू नुसती शोभेला ठेवणे: उडते दिवे, बोलती चित्रे, पण ती काढून घेतली तरी कथेचे काही अडत नाही. दुसरा विसराळूपणा: एका प्रकरणात वापरलेली शक्ती पुढच्या संकटात कोणाला आठवत नाही. तिसरा, फुकटेपणा: कामे होतात, पण श्रम, पैसा किंवा नातेसंबंध यांपैकी काहीच बदलत नाही. हे दोष टाळणाऱ्या कथांत जादू कमी आणि गरज नेमकी असते. खापर नाकारले गेले नसते तर ज्ञानदेवांची पाठ तापण्याचे कारण नव्हते. साहेब वेगळा असता तर द्यूतियेल आयुष्यभर दारानेच गेला असता.