हेझेल डिकन्स : आशय आणि स्वर

अमेरिकेतील ब्लूग्रास ह्या संगीतप्रकाराच्या विवेचनात हेझेल डिकन्स (१९२५-२०११) ह्यांचा उल्लेख सामान्यतः दोन नात्यांनी होतो : पुरुषप्रधान क्षेत्रात शिरलेल्या आरंभीच्या स्त्रियांपैकी एक, आणि खाणकामगारांची कैवारी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; परंतु त्यांनी गायनाचे मूल्यमापन होत नाही. विषयाच्या थोरवीने काव्य थोर ठरत नाही, हा न्याय गीतासही लागू आहे. डिकन्स ह्यांची कामगिरी प्रथमतः स्वराची आहे, आणि त्यांच्या गीतांतील सामाजिक आशय त्या स्वरातूनच सिद्ध होतो.

ब्लूग्रासचे रूप बिल मन्रो व त्यांच्या साथीदारांनी १९४५ ते १९४८ ह्या काळात पक्के केले. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार व बास ही तंतुवाद्ये, द्रुत लय, आणि मुख्य गायकाच्या स्वरावर चढणारा 'टेनर' नावाचा स्वर ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ह्या टेनरचा परिणाम पुरुषाचा कंठ त्याच्या सीमेपर्यंत ताणण्यातून होतो. स्त्रीच्या कंठाला तीच उंची सुलभ असते. मग तो ताण यावयाचा कोठून? स्त्री-गायिकेपुढील खरा कलाप्रश्न हा होता.

डिकन्स ह्यांचे उत्तर त्यांच्या संस्कारांत सापडते. पश्चिम व्हर्जिनियातील मर्सर काउंटीत, अकरा भावंडांच्या कुटुंबात त्या वाढल्या. वडील प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि त्या पंथाच्या उपासनेत वाद्यांना स्थान नसते. उघडा, निष्कंप, अलंकारविहीन स्वर त्यांना तेथून लाभला. पुढे बाल्टिमोर येथे कारखान्यांत काम करीत असता संगीतकारांशी त्यांचा परिचय झाला, आणि ॲलिस जेरार्ड ह्यांच्यासह १९६५ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ह्या जोडगायनात डिकन्स ह्यांनी माधुर्याचा मोह टाळला. वरचा स्वर त्या हलक्या कंठाने घेत नाहीत, तर छातीतून पूर्ण जोराने काढतात. सुलभ उंची अशा रीतीने त्यांनी पुन्हा दुर्गम केली.

ह्या स्वराची परिणती 'ब्लॅक लंग' ह्या गीतात दिसते. कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराने भाऊ मृत्यू पावल्यानंतर ते रचले गेले. निवेदन तृतीयपुरुषी आहे. ध्रुवपदात मात्र मरणोन्मुख कामगार स्वतःच त्या रोगाला उद्देशून बोलतो. हे गीत डिकन्स साथीविना गात. वाद्ये नसल्यामुळे दोन कडव्यांमध्ये वादकाच्या कौशल्यात विसावण्याची सोय श्रोत्याला उरत नाही. शेवटी दफनभूमीत फुले घेऊन आलेला मालक दिसतो, तेव्हा निषेधाचा वेगळा शब्द उच्चारण्याची गरजच राहत नाही.

ह्याच्या शेजारी केंटकीतील संपावरील 'हार्लन काउंटी यू. एस. ए.' (१९७६) ह्या अनुबोधपटातील 'दे'ल नेव्हर कीप अस डाउन' हे गीत ठेवावे. येथे विजयाची ग्वाही आरंभीच दिलेली असल्यामुळे स्वराला झगडण्यासारखे काही उरत नाही. सभेला हे गीत उपकारक आहे. पण करुणाची जी खोली पहिल्यात आहे, ती ह्यात नाही. कवयित्रीची निष्ठा दोन्हीकडे सारखीच आहे. अंतर रचनेचे आहे.

डिकन्स ह्यांच्या कंठातील खडबडीतपणा अशिक्षितपणाचे चिन्ह मानण्याचा मोह होतो. परंतु टेनरमध्ये तोच स्वर सहगायिकेच्या स्वराशी काटेकोरपणे जुळतो, आणि एकलगीतात शब्दाला वाट करून देण्यासाठी आवरला जातो. जो स्वर प्रसंगानुसार आवरता येतो, त्यामागे जाणीवपूर्वक निवड असते. २००१ साली त्यांना अमेरिकेची राष्ट्रीय वारसा अधिछात्रवृत्ती मिळाली; २०१७ साली जेरार्ड ह्यांच्यासह ब्लूग्रासच्या सन्मानदालनात मरणोत्तर स्थान मिळाले. हा गौरव केवळ साक्षीदार म्हणून समजला गेला, तर त्यांच्यातील कलावतीवर अन्याय होईल. दुःख अनेकांनी भोगले. त्याला हा स्वर देणे फार थोड्यांना साधले.