‘मंथन’ आणि युद्धकालीन दूधव्यवस्था

श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. दूध उत्पादकांना नाडणारा डेअरीमालक मिश्रा आणि सहकारी संस्था उभारण्यास आलेला पशुवैद्य डॉ. राव यांच्यातील संघर्ष हे तिचे सूत्र होय. परंतु खेडा जिल्ह्यातील ज्या चळवळीतून हे कथानक स्फुरले, तिचे मूळ शासनाच्याच एका निर्णयात होते. आणि नेमका तोच पटकथेतून गळला आहे.

युद्धकाळात मुंबईत दुधाची टंचाई तीव्र झाली. तीवर उपाय म्हणून १९४५ मध्ये मुंबई सरकारने चारशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आणंदहून दूध आणण्याची योजना आखली आणि संकलन पोल्सन या खासगी कंपनीकडे सोपविले. सरकार व कंपनी यांच्यात भाव ठरला. उत्पादकाला काय मिळावे, हे मात्र कंत्राटदारांवर सोडले गेले. दर्यापूरच्या कापूस उत्पादकाला मध्यस्थ अपरिचित नाही. तथापि कापूस, सावकाराने ठेवू दिला तर, घरात भरून ठेवता येतो. सकाळचे दूध सायंकाळची वाट पाहत नाही. शिवाय १९७२ च्या कापूस एकाधिकार योजनेत खरेदीदार शासन स्वतःच होते. खेड्यात एकाधिकार शासनाचा आणि नफा दुसऱ्याचा, अशी वाटणी होती.

जानेवारी १९४६ मध्ये समरखा येथील सभेत उत्पादकांनी सहकारी संघाचा निर्धार केला. पंधरा दिवस त्यांनी दूध घातले नाही, तेव्हा सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघ नोंदला गेला. वर्गीस कुरियन आणंदला आले ते १९४९ मध्ये. म्हणजे संप आधी, तज्ज्ञ नंतर. तेंडुलकरांनी हा क्रम उलटविला.

चित्रपट हा इतिहास नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण क्रम बदलताच शोषणाचे कारणही बदलते. व्यवस्थेचा दोष एका मनुष्याच्या लोभात मावू लागतो. दुधातील स्निग्धांशाच्या चाचणीभोवतीचे प्रसंग मात्र अस्सल उतरले आहेत: मोजमाप ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती, हे तेथे एकही भाषण न करता कळते. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ज्याची निर्मिती केली, त्या चित्रपटात त्यांचा स्वतःचा संप नसावा, ही विलक्षणच गोष्ट. अखेरीस रावची बदली होते आणि संस्था भोलाच्या हाती येते. येथे पटकथा १९४६ च्या सर्वांत निकट पोहोचते. परंतु मक्तेदारी आली कोठून, हे भोला तेव्हाही विचारत नाही.