निरानंद मार्गाचा इतिहासकार

लढायांचीं वर्णनें वाचण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. बखरींवर वाढलेल्या वाचकास विजयाइतकीच पराजयाची कथाही आवडते. किंबहुना थोडी अधिकच, कारण तींत हळहळ करण्यास वाव असतो. परंतु लिहिणारा ती हळहळ बाजूस ठेवून, झालें तें कसें झालें याचा हिशेब मांडूं लागला, म्हणजे पुष्कळांची उत्सुकता ओसरते. बर्नार्ड फॉल यांचें ‘स्ट्रीट विदाउट जॉय’, म्हणजे ‘निरानंद मार्ग’, हें पुस्तक अशा हिशेबाचें आहे. तें १९६१ सालीं प्रथम निघालें, त्याला साठांहून अधिक वर्षें होऊन गेलीं. ज्या युद्धाविषयीं तें लिहिलें तें इंडोचायनांतील फ्रेंचांचें युद्ध १९५४ सालीं संपलें. त्यामागून आलेलें अमेरिकनांचें १९७५ सालीं संपलें. तरीही पुस्तक पुन्हा हातीं घेतलें असतां शिळें वाटत नाहीं. असें कां व्हावें, आणि त्याची जी कीर्ति झाली ती योग्य कारणासाठीं झाली कीं काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ग्रंथकाराची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुस्तकाचा स्वर समजत नाहीं. फॉल यांचा जन्म १९२६ सालीं व्हिएन्ना येथें एका यहुदी कुटुंबांत झाला. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर हें कुटुंब फ्रान्सांत आलें. पुढें आईबाप दोघेही नाझींच्या हातून मेले, आणि हा मुलगा सोळाव्या वर्षीं फ्रेंचांच्या प्रतिकार-चळवळींत शिरला. लपून लढणें म्हणजे काय, खेडेगांवानें आसरा दिला तर काय होतें आणि न दिला तर काय होतें, हें त्यांनीं मिसरूड फुटण्याच्या वयांतच जाणलें. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या न्यायालयांत संशोधकाचें काम, मग अमेरिकेंत शिक्षण, आणि १९५३ सालीं प्रबंधाच्या निमित्तानें स्वतःच्या खर्चानें इंडोचायनाचा प्रवास. पुढें ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले.

त्या पहिल्याच प्रवासांत त्यांनीं एक साधी गोष्ट केली, आणि आमच्या मतें त्यांच्या सर्व पुढील लेखनाचें बीज तींत आहे. हनोई येथील फ्रेंच लष्करी कचेरींतल्या नकाशावर तांबड्या नदीच्या खोऱ्याचा बराच मोठा भाग आपल्या ताब्यांत असल्याचें दाखविलें जात असे. फॉल यांनीं त्या नकाशाशीं वाद घातला नाहीं. त्यांनीं करवसुलीचे कागद काढून पाहिले, आणि सरकारनें नेमलेले शिक्षक कोणत्या गांवीं खरोखर शिकवीत आहेत याचा तपास केला. ज्या गांवचा सारा सरकारांत भरला जात नाहीं, आणि जेथें सरकारी पंतोजी पाऊल टाकीत नाहीं, तें गांव सरकारचें कसलें? असा दुसरा नकाशा तयार झाला, आणि पहिल्याशीं त्याचा मुळींच मेळ बसेना. ज्या मुलखांत दिवसा रणगाडे फिरत होते, तेथें राज्य दुसऱ्याचेंच चाललें होतें.

ही दृष्टि घेऊन ‘निरानंद मार्ग’ वाचावा. हें नांव ग्रंथकाराचें नव्हे. तें फ्रेंच शिपायांनीं दिलेलें आहे. मध्य व्हिएतनामांत ह्युए आणि क्वांग त्री या दोन शहरांमधून समुद्राला समांतर असा हमरस्ता जातो. रस्ता आणि समुद्र यांच्या मध्यें दलदल, तिच्यापलीकडे खेड्यांची एक लांबलचक ओळ, आणि मग वाळूच्या टेकड्या. प्रत्येक खेड्याभोंवतीं बांबूचें दाट कुंपण, खालीं भुयारें. या ओळींतून निघून गनीम रस्त्यावरच्या गाड्या मारी आणि पुन्हा ओळींत विरून जाई. १९५३ च्या जुलैच्या २८ तारखेस फ्रेंचांनीं या पट्ट्यास चहूंकडून वेढण्याची मोहीम काढली व तिला ‘कामार्ग’ हें नांव दिलें. कामार्ग हा दक्षिण फ्रान्सांतील ऱ्होन नदीच्या मुखाजवळचा दलदलीचा प्रदेश. परक्याच्या भूमीवर आपल्या गांवांचीं नांवें अंथरण्याची ही खोड पुढें अमेरिकनांसही लागली. त्यांनीं एका मोठ्या मोहिमेस आयोवा प्रांतांतल्या सीडर फॉल्स नांवाच्या शहराचें नांव दिलें.

कामार्ग-मोहिमेवरील प्रकरण हें या पुस्तकाचें हृदय होय. एका बाजूला दहा पायदळी पलटणींचे भाग, दोन छत्रीधारी तुकड्या, रणगाड्यांच्या तीन पलटणींचा बहुतेक भाग, तोफखाना, विमानें, आरमारी जहाजें, एवढेंच काय, एक चिलखती आगगाडीसुद्धां. आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतमिन्हांची ९५ क्रमांकाची एकच पलटण. समुद्राकडून एक फौज उतरते, हमरस्त्याकडून दुसरी सरकते, राहिलेलें तोंड छत्रीधारी शिपाई बंद करतात. वाचतांना असें वाटतें कीं आतां सुटका नाहीं. पण ग्रंथकार आपल्याला एकेका खेड्यांत नेतो. प्रत्येक कुंपण तपासावयाचें, प्रत्येक विहीर व भुयार धुंडाळावयाचें, आणि इतकें करून हातीं काय यावें? म्हातारे, बायका, मुलें. वेढा जसा जवळ येतो तसा तो घट्ट व्हावा. परंतु दलदल व वाळू यांनीं माणसें अडवून धरलीं, जाळ्याला फटी राहिल्या, आणि रात्रीच्या अंधारांत त्या फटींतून ९५ व्या पलटणीचा बराच मोठा भाग निसटून गेला.

ग्रंथकारानें दिलेले आंकडे असे: फ्रेंचांचे १७ मेले व १०० जखमी झाले, शत्रूचे १८२ मेले व ३८७ पकडले गेले. लष्करी खलित्यांत हा विजयच ठरतो. परंतु हातीं लागलेलीं हत्यारें मेलेल्यांच्या व पकडलेल्यांच्या मानानें फारच थोडीं होतीं. मग हे मेलेले कोण? पकडलेले कोण? फॉल येथें आवाज चढवीत नाहींत. ते आंकड्याशेजारीं आंकडा ठेवतात, आणि फौज निघून गेल्यावर त्या खेड्यांचें काय झालें तें सांगतात: गनीम परत आला, रस्ता पुन्हा पूर्वीसारखाच झाला. अशी वस्तुनिष्ठता आम्हांस मोठमोठ्या युद्धेतिहासांतही क्वचितच आढळली आहे.

याच पुस्तकांत मध्य पठारावरील ‘फिरत्या पथक क्रमांक १००’ चा नाश वर्णिला आहे, आणि वाचकांवर छाप पडली ती त्याची. कोरियांत लढून आलेल्या कसलेल्या फ्रेंच शिपायांचा त्यांत भरणा होता. १९५४ च्या २४ जूनला हें पथक आन खे हें ठाणें सोडून १९ क्रमांकाच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें, आणि दबा धरून बसलेल्या व्हिएतमिन्हांनीं त्याची वाताहत केली. उरल्यासुरल्यांवर शेवटचा घाला चू द्रेह खिंडींत १७ जुलै रोजीं पडला. जिनीव्हा येथें तह होण्यास तीनचारच दिवस उरले होते. (याच तहाच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या त्रिराष्ट्र मंडळाचें अध्यक्षपद हिंदुस्थानाकडे आलें, तेव्हां या दूरच्या मुलखाचीं नांवें आपल्या वृत्तपत्रांतून घरोघर पोंचलीं.)

आतां गंमत पाहा. १९६५ सालीं अमेरिकनांची पहिली घोडदळ डिव्हिजन, जिच्यापाशीं घोडे नव्हते पण चारशेंहून अधिक हेलिकॉप्टरें होतीं, येऊन राहिली ती याच आन खे येथें. तिच्या पुष्कळ अधिकाऱ्यांनीं फॉल यांचें पुस्तक वाचलें होतें. त्यांनीं त्यांतून धडा काय घेतला? कीं फ्रेंच रस्त्यानें गेले म्हणून बुडाले. आपण आकाशांतून जाऊं. एका अर्थीं हें खरेंच होतें. त्या विशिष्ट रीतीनें अमेरिकन फौज कधीं बुडाली नाहीं. परंतु ज्यानें करवसुलीच्या कागदांवरून नकाशा काढला त्या माणसाचें म्हणणें एवढेंच होतें काय? रस्त्यावरचा घाला हा त्याच्या हिशेबांतला शेवटचा आंकडा होता. वजाबाकी खेड्यांत केव्हांच होऊन गेली होती. हेलिकॉप्टर शिपायाला खेड्यावर उतरवितें, खेड्यांत नव्हे. १९६७ च्या जानेवारींतील सीडर फॉल्स मोहिमेंत तर खेडें आपलें होत नाहीं म्हणून खेडेंच नाहींसें करण्याचा उपाय योजला गेला. सायगांवच्या वायव्येस असलेलें बेन सुक हें गांव माणसें हलवून, घरें जाळून, जमीनदोस्त करण्यांत आलें. त्या टापूंतील सुमारें सहा हजार लोक निर्वासितांच्या तळावर नेऊन ठेवले. गनीम त्या टापूंत लौकरच परतला. इतक्या आवडीनें वाचलेलें पुस्तक इतकें चुकीचें वाचलें गेल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

या चुकीच्या वाचनाचा थोडा दोष ग्रंथकाराकडेही जातो, आणि तो सांगितल्यावांचून सोडणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फॉल यांना शिपायाविषयीं अतिशय माया आहे. छत्रीधारी तुकड्या, परदेशी स्वयंसेवकांची फौज, खिंडींत एकाकी पडलेले सार्जंट यांच्याविषयीं लिहितांना त्यांची लेखणी भारावून जाते. घाल्याचें वर्णन त्यांनीं असें रंगविलें आहे कीं तरुण अधिकाऱ्याच्या मनांत तेंच राहावें, आणि पंतोजीचा व साऱ्याचा हिशेब तो विसरून जावा. हाच दोष १९६६ सालच्या त्यांच्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथांत, दिएन बिएन फूच्या वेढ्याच्या इतिहासांत, अधिक दिसतो. माहितीच्या दृष्टीनें हा ग्रंथ पहिल्याहून कितीतरी भक्कम आहे. छप्पन दिवसांपैकीं जवळजवळ प्रत्येक दिवसाचा, बायकांचीं नांवें दिलेल्या प्रत्येक टेकडीचा त्यांत वृत्तांत आहे. तोफखान्याचा प्रमुख, एकहाती कर्नल पिरोत, शत्रूच्या तोफा आपण बंद पाडूं अशी ग्वाही देऊन बसला होता. त्या बंद पडेनात तेव्हां वेढ्याच्या तिसऱ्या दिवशीं हातबाँब छातीशीं धरून त्यानें प्राण दिला. तें पान वाचून मन सुन्न होतें.

येथें आपल्या वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. व्हिएतमिन्हांचें नांव निघतांच आपल्याकडे ‘गनिमी कावा’ हा शब्द अभिमानानें उच्चारला जातो. पण दिएन बिएन फू येथें जें झालें तो गनिमी कावा नव्हता. सेनापति व्हो न्गुएन ज्याप हा मूळचा इतिहासाचा शिक्षक. त्यानें १९५४ च्या जानेवारींत ठरविलेला हल्ला आयत्या वेळीं रद्द केला, डोंगरांत ओढून आणलेल्या तोफा पुन्हा माघारीं ओढविल्या, आणि सुमारें दीड महिना खंदक, सुरुंग व दाणागोटा यांची तयारी केली. सायकलींवर दोनशें किलोहून अधिक ओझें लादून ती हातानें ढकलीत नेणारीं हजारों माणसें या विजयाच्या मुळाशीं आहेत. हा चिकाटीनें चालविलेला, जुन्या शास्त्राप्रमाणें घातलेला वेढा होता.

परंतु तीं सायकली ढकलणारीं माणसें फॉल यांच्या ग्रंथांत बोलत नाहींत. नकाशावर त्यांचे बाण होतात, आंकड्यांत त्यांची बेरीज होते. निरानंद मार्गावरील खेड्यांतली म्हातारीही बोलत नाहीं. याला कारणें आहेत. कागदपत्रें फ्रेंचांचीं, ओळखीपाळखी फ्रेंचांच्या. तरी उणीव ती उणीवच. ती भरून काढावयाची तर बाओ निन्ह यांची ‘युद्धाचें दुःख’ ही कादंबरी शेजारीं ठेवावी. हा लेखक स्वतः उत्तरेकडील सैन्यांत अमेरिकनांविरुद्ध लढलेला. त्याचा नायक युद्ध संपल्यावर त्याच मध्य पठाराच्या अरण्यांत, आपल्या मेलेल्या सोबत्यांचीं हाडें गोळा करीत एका मालमोटारींतून हिंडत असतो. तींत जेत्याच्या तोंडीं विजयाचा शब्द नाहीं. फॉल यांच्या बाणांच्या आंत कोण होतें तें येथें कळतें. आणि उलट, त्या अरण्यांत इतकीं हाडें कशीं सांठलीं याचा उलगडा फॉल वाचल्यावांचून होत नाहीं.

१९६७ च्या फेब्रुवारींत फॉल पुन्हा ह्युएच्या उत्तरेस होते. कामार्ग-मोहिमेला चौदा वर्षें होत आलीं होतीं. त्याच खेड्यांच्या ओळींतून आतां अमेरिकन दर्यावर्दी शिपायांची तुकडी गनिमाचा शोध घेत चालली होती, आणि ते तिच्याबरोबर पायीं चालत, दिसेल तें ध्वनिमुद्रण-यंत्रांत बोलून ठेवीत होते. २१ तारखेस बोलतां बोलतांच त्यांचा पाय सुरुंगावर पडला. वय चाळीस. त्यांच्या मागून त्याच वर्षीं निघालेल्या संग्रहांत त्या फितीवरील शब्द उतरून दिले आहेत. आसपास कोठें काय दिसतें, शिपाई कोणत्या बाजूनें जात आहेत, सांवल्या लांबल्या आहेत, असल्या नेहमींच्याच नोंदी आहेत त्या, आणि एका अर्ध्या वाक्यापाशीं त्या थांबतात.