‘वन्स मोअर’ : एका प्रशंसाशब्दाचा अर्थ

मराठी रंगभूमीने इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांत ‘वन्स मोअर’चे स्थान वेगळे आहे. मूळ भाषेत तो ‘पुन्हा एकदा’ एवढ्याच अर्थाचा क्रियाविशेषणात्मक प्रयोग होय. पुनर्गायनाची मागणी करताना इंग्रज प्रेक्षक ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द योजतो, तर खुद्द फ्रेंच प्रेक्षक ‘बिस’ हा लॅटिन शब्द पुकारतो. मराठीत ‘वन्स मोअर’ पुल्लिंगी नाम झाला. पदाला तो ‘मिळतो’, नट तो ‘घेतो’, आणि ‘तीन वन्स मोअर’ अशी त्याची मोजदादही होते. मागणीचा शब्द असा गौरवाचा शब्द ठरला.

इतर प्रशंसाशब्दांशी तुलना केल्यास त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. ‘शाबास’ हा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, ह्यापासून आलेला. तो बहुधा वडीलकीच्या नात्याने उच्चारला जातो. ‘वाहवा’ बरोबरीचा रसिक देतो व गाणे चालूच राहते. दोन्ही शब्द काही मागत नाहीत. ‘वन्स मोअर’ मात्र मागतो. रूपाने तो विनंती, परिणामाने आज्ञा असतो.

ह्या आज्ञेची किंमत नाटकाला द्यावी लागली. विष्णुदास भावे ह्यांनी 1843 साली सांगलीत सुरू केलेल्या नाट्यपरंपरेत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. पद हे पात्राचे भाषण झाले. भाषण दोनदा करावयास लावणे म्हणजे पात्राला बाजूस सारून गायक नटाला पुढे बोलावणे होय. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील सिंधू बालगंधर्वांनी साकारली. अशा भूमिकेतील करुण पदाला वन्स मोअर मिळतो, तेव्हा दुःखाचीच पुनरावृत्ती आनंदासाठी मागितली जाते. सूर पुन्हा उमटतो. प्रसंग मात्र पुन्हा घडत नाही.

दोष एकट्या प्रेक्षकाचा नव्हे. त्याच नाटकाचे गद्य गडकऱ्यांचे, तर पदे वि. सी. गुर्जरांची, म्हणजे रचनेतच पद वेगळे काढण्याजोगे होते. मैफलींतून व ध्वनिमुद्रिकांतून नाट्यपदे नाटकांवाचून टिकली, ती ह्याच गुणामुळे. ‘वन्स मोअर’ ही पदाची यथार्थ प्रशंसा आहे. नाटकाची प्रशंसा म्हणून मात्र ती स्वीकारता येत नाही.