बिनी आणि रसद : संगणकीय युद्धखेळ व ‘महाराष्ट्र पुराण’

कोलकात्याच्या सियालदह स्थानकालगतचा जुना सर्क्युलर रोड, म्हणजे उत्तरेकडील आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि दक्षिणेकडील आचार्य जगदीशचंद्र बसू रोड, हा ‘मराठा खंदका’च्या ओळीवर तयार झालेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये इंग्रज वसाहतीभोवती हा खंदक खणावयास घेतला गेला. योजलेल्या सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाले. फौज आली नाही आणि काम थांबले. आपण ज्याला मुलूखगिरी म्हणतो ती, ज्यांच्या मुलखात घडली त्यांच्या वाङ्मयात कशी दिसते, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला या रस्त्यावर टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाकडे संगणकीय युद्धखेळाच्या वाटेने जावयाचे आहे.

युद्धखेळ ही नियमांनी बांधलेली एक कथनसंहिता मानली, तर आगेकूच आणि रसदेचे रक्षण यांमधील ताण हा तिचा गाभा ठरतो. बुद्धिबळातील प्यादे कधी उपाशी राहत नाही. स्टालिनग्राडच्या मोहिमेवरील ‘युनिटी ऑफ कमांड’ (२०११) या खेळात मात्र पुरवठ्याची पोच नकाशावर उमटलेली असते आणि रेल्वेमार्गापासून दूर जावे तसतशी ती क्षीण होते. बिनी फार पुढे दामटली, की प्रतिपक्ष मागची वाट अडवतो आणि तुकडी उपासमारीने निकामी होत जाते. उलट, वाट राखण्यात फार बळ गुंतवले, तर नेमलेल्या फेऱ्यांत उद्दिष्ट हाती लागत नाही. खेळणाऱ्याला भुकेचे भय शिकवण्याचे हे काम वीररसप्रधान वाङ्मयाने क्वचितच केले आहे. परंतु या खेळातील रसद येते कोठून? नकाशाच्या कडेवरील एका अक्षय उगमबिंदूतून. त्या बिंदूमागे शेत नाही आणि शेतकरीही नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रातील एक भेद येथे उपयोगी पडतो. स्वदेशातून येणारा धान्यपुरवठा तो ‘वीवध’ आणि भोवतालच्या प्रदेशातून गवत, लाकूडफाटा गोळा करणे तो ‘प्रसार’. मराठी लष्करी परिभाषेतील रसद आणि कही ही या दोहोंच्या जवळ जाणारी जोडी होय. वर उल्लेखिलेला खेळ वीवध उत्तम जाणतो. प्रसार त्याच्या व्याकरणात नाही.

बंगालमधील मराठी मोहीम प्रामुख्याने प्रसारावर उभी होती. १७४२ च्या एप्रिलमध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या घोडदळाने बर्दवानजवळ अलीवर्दीखानाला घेरून त्याची रसद मारली. नवाबाची फौज उपाशीपोटी कशीबशी काटव्यास पोहोचली. स्वतःची लांब वाट राखण्याचे ओझे नसल्यामुळे मराठी फौज मे महिन्यात थेट मुर्शिदाबादेवर जाऊ शकली. युद्धखेळाच्या दृष्टीने ही आदर्श चाल होय. पण ज्या मुलखावर पोसायचे, तो उजाड झाला की पोसणार कशावर? खंडणी आणि वसुली यांना वसलेली गावे लागतात, आणि कहीच्या मागोमाग गावे ओस पडत होती. पावसाळा काटव्यात काढणाऱ्या फौजेवर सप्टेंबरमध्ये, दुर्गापूजेच्या दिवसांत, अलीवर्दीने रातोरात नदी ओलांडून छापा घातला आणि मोहीम उधळली. बारा लाखांच्या चौथाईचा तह व्हावयास १७५१ उजाडले.

त्याच सुमारास गंगाराम या कवीने बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ रचले. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. या काव्याची रचना विलक्षण आहे. पापभाराने त्रासलेल्या पृथ्वीसाठी शिवाच्या आज्ञेने शाहूराजाला प्रेरणा होते, म्हणजे स्वारीला आरंभी दैवी अधिष्ठान लाभते. शेवटी देवीच बर्ग्यांवर कोपते. या दोहोंच्या मध्ये पळणाऱ्या लोकांची यादी येते. पंडित पोथ्यांचे भारे घेऊन निघतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३) या खेळात लूट आणि प्रांताची नासधूस यांनाही स्थान आहे. परंतु ती नासधूस टक्केवारीत मोजली जाते आणि काळ लोटला की भरून निघते. गंगारामाची यादी मात्र व्यवसाय मोजते. कोणता पुरवठा कोणाच्या हातांनी निर्माण होत होता, हे त्या यादीतून कळते. बंगाली अंगाईतही बर्गी आणि साऱ्याची चिंता एकत्रच येतात, हा योगायोग नव्हे.

आता पानिपताकडे पाहावे. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला आणि त्याच महिन्यात अब्दालीने बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. दुआबात शत्रूची रसद मारण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बुणग्यांनी भरलेली छावणी उपाशी राहिली आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशीपोटीच लढली. बर्दवानला दुसऱ्याची रसद मारणारे येथे स्वतः कोंडीत सापडले. मराठी स्मृतीने ही दुसरी भूक बखरींपासून कादंबरीपर्यंत जपली. पहिली भूक जपण्याचे काम बंगालीवर सोडले.

ही विस्मृती केवळ मराठ्यांची नव्हे. दुसऱ्या महायुद्धात सियालदहहून उत्तरेस ब्रॉडगेजने जाणारा माल पार्वतीपूरला मीटरगेजवर चढवून दिमापूरकडे धाडला जाई. १९४४ मध्ये स्लिमने माघार घेऊन इंफाळच्या मैदानात आपली वाट आखूड केली; मुतागुची सुमारे तीन आठवड्यांच्या शिध्यावर आणि शत्रूची कोठारे हाती लागतील या भरवशावर पुढे गेला व फसला. युद्धखेळासाठी हा नमुनेदार धडा आहे. त्या धड्यात सियालदह हा उगमबिंदूच ठरेल. परंतु १९४२ मध्ये जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारी जिल्ह्यांतील होड्या व तांदूळ काढून घेण्यात आले होते, आणि १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून आलेली माणसे याच शहराच्या रस्त्यांवर अन्नावाचून मरत होती. दुष्काळाची कारणे अनेक होती. तरी वीवधाच्या उगमाशीच भूक होती, ही गोष्ट कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

सारांश, आगेकूच आणि रसद यांचा तोल युद्धखेळ सेनापतीच्या बाजूने अचूक शिकवतो. रसद ज्याच्या कोठारातून निघते त्याची बाजू मांडणारी संहिता वेगळी असते, आणि आपल्या बाबतीत ती दुसऱ्या भाषेत लिहिली गेली आहे. पानिपतविषयक बखरींशेजारी ‘महाराष्ट्र पुराण’ मराठीच्या वर्गात वाचले गेले पाहिजे. त्याशिवाय आपल्या युद्धवाङ्मयाचा हिशेब एकाच बाजूने मांडलेला राहील.