हृदयस्तंभातील छातीदाब : कौशल्य आणि मोजमाप

छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धती कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये मांडली. तिच्या गुणवत्तेचे रुग्णालयातील काटेकोर मोजमाप मात्र बऱ्याच उशिरा झाले. या दृष्टीने शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयातील ६७ रुग्णांविषयीचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. प्रशिक्षित कर्मचारी असूनही पहिल्या पाच मिनिटांतील ३७.४ टक्के दाबांची खोली अपुरी, तर २८.१ टक्के अर्धमिनिटी खंडांत गती मिनिटाला ९० हून कमी आढळली.

एकाच संस्थेतील लहान नमुना ही या अभ्यासाची उघड मर्यादा होय. दाब सुधारल्याने प्राण वाचतात, हेही त्यातून सिद्ध होत नाही. तथापि प्रमाणपत्र म्हणजे कौशल्य, हा समज त्याने निराधार ठरविला, हे त्याचे खरे योगदान.

मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोली आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलणे, हे आजचे निकष सर्वज्ञात आहेत. परंतु दाब देणाऱ्यास स्वतःचा थकवा उशिरा कळतो. म्हणून केवळ पुनर्प्रशिक्षण पुरेसे नाही. प्रत्येक प्रसंगी मोजमाप व नंतर निःसंकोच चर्चा अपरिहार्य आहे.