माइकचे शत्रू मोजताना

फिलाडेल्फियाचा माजी पोलीस, मितभाषी माइक एर्मनट्राउट. त्याच्या शत्रूंची यादी झटकन होते: तुको, हेक्टर, लालो, शेवटी वॉल्टर. पण यादी म्हणजे विश्लेषण नव्हे, हे मलाही उशिराच कळलं. ‘बेटर कॉल सॉल’चा ‘फाइव्ह-ओ’ (२०१५) हा भाग बघा. मुलाला मारणाऱ्या दोन पोलिसांना माइक संपवतो. तरी सुनेपुढे कोसळतो, कारण लाच घ्यायला मुलाला त्यानंच भरीस घातलेलं असतं. आता हा शत्रू तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकणार?

‘ब्रेकिंग बॅड’मध्ये माइकचं बोलणं झोंबतं आणि वॉल्टर गोळी घालतो. हवी असलेली नावं लिडियाकडूनही मिळाली असती, हे त्याला नंतर सुचतं! याला वैर म्हणायचं की नुसता दुखावलेला अहंकार? मी दुसरं म्हणेन.